अमेरिका 1815 ते 1848: अभ्यास कुठून सुरू करावा?

या कालखंडासाठी बरेच विद्यार्थी सामाजिक, आर्थिक, राजकीय अशा तीन वह्या करतात आणि तिथेच घोळ होतो. सनावळ्या पाठ होतात, पण एकातून दुसरं कसं घडलं हे सांगता येत नाही. त्यापेक्षा आधी न्यूयॉर्क हे एकच राज्य नीट वाचा.

नकाशावर एरी कालवा शोधा. 1817 ते 1825 या काळात खोदलेला, ऑल्बनी ते बफेलो 363 मैल, रुंदी 40 फूट, खोली जेमतेम 4 फूट. काठाने चालणारी खेचरं आणि घोडे बोटी ओढत. बफेलोहून न्यूयॉर्क शहरापर्यंत माल न्यायला टनाला सुमारे 100 डॉलर पडायचे, ते 10 डॉलरच्या आत आले. वाटेत रोचेस्टर लागतं, पिठाच्या गिरण्यांचं शहर. पूर्वी मालकाच्या घरीच राहणारे कामगार आता वेगळ्या वस्तीत राहू लागले, त्यांच्या दारूवर मालकाची नजर राहिली नाही. 1830-31 मध्ये ख्रिस्ती धर्मोपदेशक चार्ल्स फिनी यांच्या धर्मसभांना आणि दारूबंदीला इथल्या व्यापाऱ्यांनी एवढा पाठिंबा का दिला, हे यातून बरंचसं उलगडतं. 1848 ची स्त्री-हक्क परिषद भरली ते सेनेका फॉल्सही याच पट्ट्यातलं.

आता मताधिकार. ‘सर्वांना मत मिळालं’ असं लिहिलंत की उत्तर चुकलं. न्यूयॉर्कच्या 1821 च्या घटनेने गोऱ्या पुरुषांवरची मालमत्तेची अट काढली, पण कृष्णवर्णीयांसाठी 250 डॉलरच्या मालमत्तेची अट घातली. न्यू जर्सीत मालमत्ताधारक अविवाहित स्त्रिया मत देत, 1807 मध्ये त्यांचा हक्क गेला. प्रत्येक सुधारणेपुढे ‘कोणासाठी?’ हा प्रश्न लिहाच.

मग दक्षिणेकडे वळा. उत्तरेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या लॉवेलच्या कापडगिरण्यांत सूत कातलं जाई ते गुलामांनी वेचलेल्या कापसाचं. गुलामांची संख्या 1790 मध्ये सुमारे 7 लाख होती, 1860 पर्यंत 40 लाखांच्या घरात गेली. कापसाला जमीन हवी होती. 1830 च्या कायद्याने मूळ रहिवाशांना हुसकावायला सुरुवात झाली. 1832 मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा निकाल चेरोकी या मूळ रहिवासी जमातीच्या बाजूने लागला, तरी 1838-39 मध्ये त्यांना सक्तीने पश्चिमेला नेलंच. त्यात अंदाजे 4 हजार माणसं मेली. म्हणून ‘उत्तरेत कारखाने, दक्षिणेत शेती’ ही विभागणी अपुरी पडते.

1837 ची मंदी शेवटी घ्या. राष्ट्राध्यक्ष जॅक्सन यांनी 1832 मध्ये राष्ट्रीय बँकेची सनद वाढवण्याच्या विधेयकावर वापरलेला नकाराधिकार एवढंच कारण देऊन थांबू नका. सरकारी जमिनीचे पैसे सोन्याचांदीतच घेण्याचा 1836 चा आदेश, इंग्लंडमध्ये आखडलेलं कर्ज आणि कापसाचे कोसळलेले भाव एकत्र मांडा.