राष्ट्रीय संघटनेशी संलग्न व्हायचंय? आधी स्वतःची घटना उघडा

जिल्ह्यातल्या इंजिनिअर-आर्किटेक्टच्या संघटनेत बरीच वर्षं चिटणीस होतो. आमचे आणि आजूबाजूच्या तालुक्यांचे मिळून संलग्नतेचे कितीतरी अर्ज हाताखालून गेले. ‘दिल्लीत ओळख लागते’ असं सांगणारा भेटला तर त्याला चहा पाजा आणि वाटेला लावा. आमचे अर्ज अडले ते आपल्याच कपाटातल्या घटनेपायी.

समोरची संस्था कोणत्या प्रकारची आहे ते आधी बघा. सीएंची संस्था १९४९ च्या कायद्याने झालेली. तिची गावोगावची शाखा म्हणजे तिचाच अवयव, तिथे संलग्नता हा विषयच येत नाही. मी सांगतोय ते १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली स्वतंत्र नोंदणी असलेल्या आणि आपल्याकडे धर्मादाय आयुक्तांकडेही नोंदलेल्या संघटनांसाठी.

राष्ट्रीय संस्थेकडून नियमावली आणि अर्जाचा नमुना मागवा. ऑडिट, नोंदणी दाखला, कार्यकारिणीची यादी हे तुमच्याकडे असणारच.

आता घटनेतली उद्देशांची कलमं वाचा. ‘समान उद्देशाच्या संस्थांशी संलग्न होणे’ असं वाक्य असेल तर सुटलात. घटनेत सांगितलेल्या रीतीने सर्वसाधारण सभेत ठराव करा आणि पुढे चला.

वाक्य नसेल तर उद्देश वाढवावे लागतात, आणि माझं घोडं अडलं ते इथेच. आम्ही वार्षिक सभेत, विषयपत्रिकेच्या शेवटी, ‘अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणारे विषय’ यात ठराव उरकला. टाळ्या झाल्या, जिलेबी-मठ्ठा झाला. पुढे एका नाराज माजी पदाधिकाऱ्याने हरकत घेतली आणि सगळं पहिल्यापासून करावं लागलं. दीड वर्ष गेलं. चूक माझीच होती, आयत्या वेळच्या विषयात चहाच्या बिलापलीकडे काही घालू नये.

उद्देश बदलण्याची रीत सांगणारं १८६० च्या कायद्याचं कलम १२ साधं आहे, पण वेळखाऊ. प्रस्ताव लेखी किंवा छापील स्वरूपात प्रत्येक सभासदाला विशेष सभेच्या दहा दिवस आधी पोचता करायचा किंवा पोस्टाने पाठवायचा. त्या सभेत सभासदांच्या तीन-पंचमांश मतांनी तो मंजूर व्हायला हवा. पुढे एक महिन्याच्या अंतराने दुसरी विशेष सभा घ्यायची आणि हजर असलेल्यांच्या तीन-पंचमांश मतांनी तो कायम करायचा. दोन आकड्यांतला फरक नीट पाहा. पहिल्या सभेला हिशोब एकूण सभासदांचा: १४० सभासद असतील तर ८४ मतं. ‘कोरम झाला, आता काय’ हे तिथे चालत नाही. म्हणून यादी आधी साफ करा. मयत आणि परदेशी गेलेले पटावर तसेच ठेवून ८४ गाठताना दमछाक होते. मात्र नावं घटनेतल्या नियमानेच काढा, नाहीतर नवीन भांडण.

‘ग्रुपवर टाकलं होतं’ हा पुरावा म्हणून मी कधीच धरत नाही. पोस्टाच्या पावत्या एका जाड कागदावर चिकटवून ठेवा. हजेरीपटावर सही सभासदाच्याच हातची हवी, आणि सूचक-अनुमोदकांची नावं प्रोसिडिंग बुकात त्याच दिवशी लिहा. आठवड्याने लिहिलेलं इतिवृत्त शाईवरूनच ओळखू येतं.

ठरावाच्या शब्दांकडेही लक्ष द्या. ‘सामील होत आहोत’ असं लिहू नका. कुणी त्याचा अर्थ विलीनीकरण असा लावला तर जागा आणि मुदतठेव कुणाची, यावर वाद पेटतो. ‘स्वतंत्र अस्तित्व, मालमत्ता व हिशोब कायम ठेवून संलग्न’ असं स्वच्छ लिहा. बाहेर पडायची वाटही त्याच ठरावात असू द्या.

उद्देश बदलले की धर्मादाय कार्यालयात चेंज रिपोर्ट, म्हणजे झालेल्या बदलाची नोंद घ्या असा अर्ज, ९० दिवसांत दाखल करायचा. दिवस मोजायचे ते दुसऱ्या सभेपासून की पहिल्या, या वादात पडू नका. दुसरी सभा झाली की त्याच आठवड्यात वकिलाकडे जा.

मग राष्ट्रीय संस्थेचा अर्ज भरा. तो दोन पानी असतो, अर्ध्या तासात होतो. दरडोई वर्गणी असेल तर वर्गणी भरलेल्यांचीच संख्या लिहा. राष्ट्रीय संस्थेत आपले प्रतिनिधी जास्त मिळतील म्हणून आकडा फुगवला, तर पुढच्या वर्षी त्याच आकड्याचं बिल येतं आणि खजिनदार तुमच्याशी बोलेनासा होतो.