चवथीआधी जिप्समची भिंत करताय? या चुका टाळा

गोव्यात घराचं रंगकाम निघतं ते चवथीच्या तोंडावर, म्हणजे ऐन पावसात. फोंड्याच्या घरी हॉलमध्ये जिप्सम बोर्डाचं पार्टिशन घातलं तेव्हा मीही तीच घाई केली. दिवसा भिंत ठीकच वाटली. रात्री गणपतीच्या बाजूला दिव्यांच्या माळा लावल्या, तिरपा उजेड पडला आणि माटोळीमागे (गणपतीवर टांगतात ती फळाफुलांची चौकट) दर चार फुटांवर उभे वळ उठून दिसले. पाहुण्यांनी आधी ते बघितले, मग गणपती!

चूक एकच होती, बोर्डांच्या जोडांवर कंपाउंडचा पहिला हात वाळण्याआधी दुसरा मारला. डब्यातलं तयार जॉइंट कंपाउंड, म्हणजे जोड भरायचा लगदा, त्यातलं पाणी उडून वाळतं आणि वाळताना आकसतं. एका हाताला 24 तास हा हिशेब कोरड्या हवेतला. श्रावणात दोन दिवसही कमी पडतात. ओला भाग जरा गडद दिसतो, हाताला गार लागतो. पंखा चालू ठेवा. बाहेर पाऊस धरून असेल तर ‘वारा येऊ दे’ म्हणून खिडक्या उघडू नका, वाऱ्याबरोबर ओलच आत येते. एसी असेल तर ड्राय मोडवर लावा.

दुसरी खोड म्हणजे अरुंद पट्टा. पहिला हात चार इंच, दुसरा आठ, तिसरा बाराएक इंच रुंद पसरवा, कडेला पत्रा दाबून. बोर्डाच्या लांब कडांना कारखान्यातच उतार दिलेला असतो, जोडाचा माल त्यात बसतो; कापलेल्या कडा जुळतात तिथे तो नसतो. तिथे याहूनही रुंद जावं लागतं.

जोडावर चिकटवलेल्या कागदी टेपखाली फुगे आले तर खाली माल कमी पडलाय. फुगा ब्लेडने कापून काढा, पुन्हा भरा. वरून लपवलात तर परत येतोच. जाळीची टेप असेल तर पहिल्या हाताला पाण्यात कालवून घट्ट होणारी पावडर वापरा. उरलेली सिमेंटची वॉलपुट्टी जोडात भरायचा मोह टाळा, तडे जातात.

स्क्रूचं डोकं कागद न फाडता किंचित आत दबलेलं हवं. कागद फाटला तर स्क्रूची पकड गेली, शेजारी दुसरा मारा.

घासायला 150 नंबरचा पॉलिश पेपर पुरतो, तोंडाला मास्क लावून. घासताना टॉर्च भिंतीला टेकवून धरा, मी चवथीच्या रात्री पाहिलं ते तेव्हाच दिसेल. मग प्रायमर. तो गाळलात तर बोर्डाचा कागद आणि कंपाउंड रंग वेगवेगळा पितात, आणि सपाट भिंतीवरही पट्टे दिसतात.