काशीची गंगा आरती बघायला ग्रुपने जाताय? मग दोन संध्याकाळी ठेवा

आम्ही गुहागर-चिपळूणकडचे पाच मित्र काशीला गेलो तेव्हा आमच्या प्लॅनमधे गंगा आरतीला एकच तास दिलेला होता, आणि तिथं पोचल्यावर सगळ्यात आधी तोच प्लॅन बदलला. म्हणून जे जाणारेत त्यांना आधीच सांगतो, आरतीला दोन संध्याकाळी द्या. एक होडीतून, एक पायऱ्यांवरून. कारण खाली सांगतोच.

आधी जायचं कसं. आपल्याकडून मुंबई गाठायची आणि तिथून वाराणसी. महानगरी एक्स्प्रेस सीएसएमटीवरून मध्यरात्री बारा वाजून गेल्यावर सुटते, म्हणजे शनिवारी रात्री बॅगा घेऊन सीएसएमटीवर जाणार असाल तर तिकीट रविवारच्या तारखेचं काढायचं, इथं भलेभले चुकतात. पावसाळ्यात कोकण रेल्वेचं टाइमटेबल वेगळं असतं तेही बघा आणि दोन गाड्यांमधे भरपूर वेळ ठेवा. तसंही पावसाळ्यात जाऊच नका असं माझं मत, गंगा चढली की घाटाच्या पायऱ्या पाण्याखाली जातात, आरती वर सरकवतात आणि होड्या बंद. डिसेंबर-जानेवारीत धुक्यामुळे उत्तरेकडच्या गाड्या रखडतात, आणि थंडी म्हणजे आपल्या दापोलीच्या थंडीसारखी नाही, कानटोपी आणि जाड स्वेटर पाहिजेच, रात्री घाटावरचा दगड बर्फासारखा लागतो. बसायला एक जुनी चादर घ्या.

मोठी आरती दशाश्वमेध घाटावर रोज होते. थंडीत साधारण साडेसहाला, उन्हाळ्यात सातच्या आसपास, आणि पाऊण तास चालते. गाडी किंवा ई-रिक्षा गोदौलिया चौकापर्यंतच धरून चला, पुढे गर्दीतून चालत. पायऱ्यांवर बसायचं असेल तर दीड तास आधी पोचा, हे जास्त वाटेल पण त्या दीड तासात दिवस मावळताना बघायला मिळतो, समोरचा वाळूचा किनारा हळूहळू दिसेनासा होतो, ते सोडू नका.

आता दोन संध्याकाळी का ते. सात पुजारी सात चौरंगांवर उभे असतात आणि त्यांचं तोंड गंगेकडे असतं, कारण आरती तिची आहे, आपल्यासाठी नाही. त्यामुळे पायऱ्यांवरून बऱ्याच वेळ पाठ दिसते, ते चारी दिशांना वळतात तेव्हाच समोरून दिसतात. होडीतून चेहरे दिसतात, सातही दिवे एकाच वेळी वर जाताना दिसतात आणि खाली पाण्यात तेच उलटे. पण होडीत आवाज लांबून येतो. पायऱ्यांवर शंख थेट छातीत वाजतो, धूप डोळ्यात जातो, घंटांच्या दोऱ्या ओढणारी माणसं तुमच्या बाजूलाच असतात. आधी उदबत्त्या, धूप, मग थराथरांची ती जड दीपारती, नागाच्या फण्याच्या आकाराच्या दिव्यातला (नागफणी) कापूर, शेवटाकडे मोरपीस आणि चवरी. आपल्याकडे गणपतीत आरती म्हणजे सगळं घर झांजा घेऊन ओरडून म्हणतं, इथं आपण बहुतेक वेळ नुसतं बसायचं असतं, आणि मला ते फार आवडलं. पहिल्या दिवशी होडीतून हवे तेवढे फोटो काढा, दुसऱ्या दिवशी मोबाईल खिशात.

होडी ठरवताना तीन गोष्टी आधी बोलून घ्या: पैसे माणशी की अख्ख्या होडीचे, आरती संपेपर्यंत थांबणार का, आणि परत कुठल्या घाटावर सोडणार. लाइफ जॅकेट मागून घ्या. आपण समुद्रावरची पोरं, पोहता येतं म्हणून बिनधास्त असतो, पण तिथं होड्या एकमेकींना खेटून उभ्या असतात, अंधारात मधे पडलात तर पोहण्याचा काही उपयोग नाही, एका होडीतून दुसरीत उड्या मारू नका. बहुतेक होड्या मणिकर्णिका घाटापर्यंत नेऊन आणतात. तिथं चिता जळत असतात, कॅमेरा खाली ठेवा, व्हिडिओ तर अजिबात नको. आमच्यातल्या एकाचे वडील त्याच वर्षी गेले होते, तो तिथं हात जोडून बसून राहिला, आम्ही कोणी काही बोललो नाही.

घाटावर कोणी गंध लावायला किंवा संकल्प सांगायला आलं तर नको असल्यास पहिल्याच वाक्यात नाही म्हणा, आमच्या एका मित्राला एकाने बाजूला नेऊन मंत्र म्हणवले आणि मग मोठी रक्कम मागितली. चपला पिशवीत घालून जवळच ठेवा. आणि ग्रुपची भेटायची जागा आधी ठरवा, आरती सुटल्यावर त्या गर्दीत फोन लागेलच असं नाही.

पण लगेच उठू नकाच. वीसेक मिनिटांत घाट मोकळा होतो, मग खाली जाऊन पानाच्या द्रोणातला दिवा सोडा, प्लॅस्टिकचा द्रोण असेल तर घेऊ नका.

दिवसा घाटाघाटांनी चालत जा. भोसले घाट, शिंदे घाट, अहिल्याबाई घाट, नावं वाचतानाच ऊर भरून येतो, विश्वनाथाचं आत्ताचं मंदिरही अहिल्याबाईंनीच १७८० मधे बांधलं. १६७४ ला रायगडावर राज्याभिषेक करायला आले ते गागाभट्टही काशीचेच.

येताना गंगेच्या पाण्याचा सीलबंद तांब्याचा गडू घ्या, घरात जेवढी वडीलधारी आहेत तेवढे. माझी आजी राजापूरची गंगा (तिथले अधूनमधूनच वाहणारे झरे) आली की न्हायला जायची, तिथल्या चौदा कुंडांत काशीकुंडही आहे, तेवढ्यावरच तिची काशी झाली. मी आणलेला गडू आईने देवघरात ठेवला आणि मावंदं (काशीयात्रेनंतरचं जेवण) घालायचा दिवस त्याच संध्याकाळी भटजींना विचारून घेतला.