बदकांची अंडी, कोंबडीची ऊब

आमच्या परसातली चार बदकं अंडी घालतात कुठे, तेच कळेना. कधी केळीच्या आळ्यात, कधी सांडपाण्याच्या पाटात. आधी कावळ्यांना सापडायची, मग आम्हाला. बदकं बहुतेक पहाटेच अंडी घालतात हे लक्षात आल्यावर मी त्यांना सकाळी नऊपर्यंत खुराड्यातच कोंडून ठेवायला लागले. कलकलाट फार होतो, पण अंडी पेंढ्यात मिळतात.

उबवणं हा दुसरा घोळ. आमची बदकं अंड्यांवर बसतच नाहीत, म्हणून खुडूक, म्हणजे उबवायला बसलेल्या, गावरान कोंबडीखाली आठ अंडी ठेवली. बाकीच्या कोंबड्याही त्याच टोपलीत अंडी घालून मोकळ्या! कुठलं कधीचं, पत्ता नाही. पहिली खेप वायाच गेली. दुसऱ्या वेळी प्रत्येक अंड्यावर पेन्सिलीने खूण केली आणि बिनखुणेचं दिसलं की रोज काढून घेतलं. सातव्या रात्री बॅटरीच्या उजेडात धरून पाहिलं. दोन अंड्यांत शिरांचं जाळं नव्हतं, म्हणजे आत पिल्लू वाढत नव्हतं; ती काढली. कोंबडीची अंडी 21 दिवसांत फुटतात, बदकाची 28. त्यामुळे शेवटच्या आठवड्यात कोंबडी उठून जाऊ नये म्हणून तिला दाणापाणी टोपलीजवळच दिलं.

पाच पिल्लं निघाली. ती पहिल्यांदा पाण्यात उतरली, तेव्हा काठावर कोंबडीचा जीव नुसता वरखाली!