शझामला बेकर स्ट्रीटवर उतरवताना

क्रॉसओव्हर कॉमिक, म्हणजे दोन वेगळ्या विश्वांतली पात्रं एकत्र आणणारं कॉमिक, लिहायला घेतलं की बहुतेक जण आधी लढत ठरवतात : हा त्याला भेटला तर जिंकेल कोण? जादूवाल्या नायकाच्या बाबतीत हा प्रश्न सगळ्यात शेवटी विचारायचा. जादूवाल्याची ताकद त्याच्या अंगातली नसते, ती कुठून तरी येते. ती जिथून येते ते ठिकाण नव्या विश्वात आहे का आणि असलं तर तिथून किती ताकद पोचते, हे आधी नक्की करा. प्रसंग, खलनायक, अगदी पानांची वाटणीसुद्धा त्या निर्णयातून निघते.

हे शिकायला शझामइतका सोयीचा नायक नाही, कारण त्याच्या ताकदीचा हिशेब त्याच्या मंत्रातच लिहिलेला आहे. बिल पार्कर आणि सी. सी. बेक यांनी घडवलेला हा नायक १९४० साली फॉसेट कंपनीच्या 'व्हिझ कॉमिक्स'मध्ये 'कॅप्टन मार्व्हल' या नावाने आला. रस्त्यावर पेपर विकणारा अनाथ मुलगा बिली बॅटसन 'शझाम' म्हणतो, वीज कोसळते आणि तो धिप्पाड नायक होतो. पुन्हा तोच शब्द उच्चारला की परत मुलगा. इंग्रजी स्पेलिंगच्या सहा अक्षरांमागे सहा दाते आहेत : सॉलोमनची बुद्धी, हर्क्युलीसचं बळ, ॲटलसचा दम, झ्यूसचं सामर्थ्य, अकिलीसचं धैर्य, मर्क्युरीचा वेग.

नमुन्यासाठी त्याला शेरलॉक होम्सच्या लंडनमध्ये नेऊ. तिथे जादू नाहीच, त्यामुळे प्रत्येक निर्णयाचा परिणाम स्वच्छ दिसतो. मार्व्हल या कॉमिक्स कंपनीच्या विश्वात न्यायचं म्हटलं तर वेगळाच घोळ होतो. तिथे झ्यूस आणि हर्क्युलीस हाडामांसाची पात्रं आहेत आणि आपली ताकद कोण परस्पर वापरतंय हे ते विचारायला येतील. पहिल्या प्रयत्नाला तो पसारा नको.

पेन्सिल उचलण्यापूर्वी हक्कांचं बघा. होम्स मोकळा आहे : त्याचे लेखक कॉनन डॉयल १९३० साली गेले आणि भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी हक्क संपतो. मात्र मराठी अनुवादांचे हक्क अनुवादकांकडे किंवा प्रकाशकांकडे असू शकतात, म्हणून अनुवादातली वाक्यं उचलू नका. शझाम डीसी या कॉमिक्स कंपनीच्या मालकीचा आहे. फुकट वाटलेलं चाहत्याचं कॉमिकसुद्धा काढून टाकायला मालक सांगू शकतो. विकायचंच असेल तर 'अक्षरामागे दाता' ही कल्पना ठेवा. मंत्र, दाते, पोशाख, छातीवरची वीज सगळं स्वतःचं करा. या नायकावर स्वतःवरच सुपरमॅनची नक्कल केल्याचा खटला झाला होता आणि १९५३ मध्ये फॉसेटने त्याचे अंक बंद केले, हे लक्षात असू द्या.

अक्षरांची छाटणी

एका कागदावर सहा दाते लिहा आणि प्रत्येकासमोर एकच प्रश्न : ही देणगी शाबूत राहिली तर यजमान विश्वातलं, म्हणजे इथे होम्सच्या जगातलं, काय निकामी होईल?

मर्क्युरीपासून सुरुवात करा. होम्सच्या कथा आगगाडीच्या वेळा, घोडागाड्या आणि तारांवर चालतात. पाहुणा उडू शकला की वेळापत्रक, पाठलाग, चुकलेली गाडी सगळं बाद. म्हणून वेग आणि उड्डाण कापा. याला आधार आहे : २००३-०४ च्या 'जेएलए/ॲव्हेंजर्स' मालिकेत डीसीचा वेगवान नायक फ्लॅश मार्व्हलच्या विश्वात पोचतो तेव्हा त्याला वेग देणाऱ्या 'स्पीड फोर्स'शी त्याचा संबंध तुटतो, आणि मार्व्हलच्या जादूवाल्या स्कार्लेट विचला डीसीच्या विश्वात उलट झेपणार नाही इतकी ताकद मिळते. कापलेली ताकद संवादात सांगू नका, चित्रात दाखवा. नायक सवयीने झेप घेतो आणि समोरच्या छपरावर आदळून कौलं फोडतो. एवढी एक चौकट पुरे.

सॉलोमनची बुद्धी जास्त धोक्याची. तिने गुन्हा उलगडला तर होम्सचं कामच उरत नाही, आणि तिला बावळट ठरवलं तर शझामचे चाहते नाराज होतात. वाटणी अशी करा : सॉलोमनला भाषा, न्याय-अन्याय आणि माणसाची नियत कळते. पण १४० प्रकारच्या तंबाखूंची राख ओळखणारा आणि पँटवर उडालेल्या चिखलावरून लंडनचा भाग सांगणारा होम्सच. काय घडलं ते होम्स शोधेल, त्याचं पुढे काय करायचं यावर दोघांचं जुंपू शकेल. कथेतला सगळ्यात चांगला संवाद इथेच मिळतो.

हर्क्युलीसचं बळ ठेवा, पण ते मागे खुणा सोडतं. वाकलेले गज, तडकलेली फरशी होम्स वाचणारच. होम्स स्वतः दुबळा नाही. 'स्पेकल्ड बँड'च्या कथेत डॉ. रॉयलॉटने वाकवलेली शेगडीची सळई तो हाताने सरळ करतो. तशीच सळई शझामने वाकवली आणि होम्सला ती सरळ करता आली नाही, तर ताकदीतला फरक भांडणाशिवाय दिसतो. ॲटलस आणि अकिलीस आहेत तसे राहू द्या. त्यांच्यामुळे काहीच बिघडत नाही.

झ्यूस कापता येत नाही, कारण वीज गेली की रूपांतरच गेलं. तिच्यावर रेशन लावा. वीस पानांत चार वेळा मंत्र, त्याहून जास्त नाही : दोनदा मोठं होणं, दोनदा परत येणं. स्क्रिप्टमध्ये प्रत्येक पानासमोर 'बिली' किंवा 'कॅप्टन' असं लिहून ठेवा. तो रकाना नसला की मधल्या पानांत हमखास घोळ होतो आणि मुलाच्या रूपात असलेला बिली पुढच्या चौकटीत दार उखडताना दिसतो.

एकूण दोनच देणग्यांना कात्री लावायची, इथे मर्क्युरी आणि झ्यूस; सॉलोमनचं फक्त काम वाटून दिलं. तीन-चार कापल्या की तो शझाम राहत नाही, लाल कपड्यातला कुणीही होतो.

दार

दोन विश्वांमधलं दार कसं उघडतं याला तीन जुन्या वाटा आहेत. १९७६ च्या सुपरमॅन-स्पायडरमॅन अंकात दारच नव्हतं. दोघे आधीपासून एकाच जगात राहतात असं धरलं होतं. १९६१ च्या 'फ्लॅश' १२३ मध्ये दोन पृथ्वी एकाच जागी पण वेगवेगळ्या कंपनांवर आहेत असा खुलासा होता. तिसरी वाट म्हणजे नायकाच्या स्वतःच्या दुनियेतली जागा वापरणं. शझामकडे 'रॉक ऑफ इटर्निटी' आहे, तिथून काळ ओलांडता येतो, ती घ्या. प्रवासाला दोन पानांपेक्षा जास्त देऊ नका. परतीची अट पाचव्या पानाच्या आत वाचकाला दिसली पाहिजे, नाहीतर शेवटी दार उघडलं की लेखकाने सोय करून घेतल्यासारखं वाटतं. आपल्या नमुन्यात अट अशी : दार बिलीच्या विजेनेच उघडतं, म्हणजे त्याचं तोंड मोकळं हवं.

यावरूनच खलनायक ठरतो. शझामचा जुना शत्रू डॉ. सिव्हाना हा मुळात शास्त्रज्ञ आहे, जादूगार नाही, त्यामुळे होम्सच्या जगात तो कुठलाही नियम न मोडता वावरतो. बिलीच्या तोंडात बोळा कोंबायचा हा जुना डावही या शत्रूंना ठाऊक आहे. व्हिक्टोरियन लंडनमध्ये क्लोरोफॉर्मचा रुमाल सहज मिळतो. पाहुण्यांकडून एक नायक आणि एक खलनायक, बास. होम्सचा शत्रू मोरियार्टी याला आणायचा मोह टाळा. वीस पानांत दोन खलनायकांना जागा नाही.

यजमानाचे नियम

साल १८९५ घ्या. मे १८९१ ते एप्रिल १८९४ या काळात होम्स जगाच्या लेखी मेलेला आहे, त्या काळात त्याला बेकर स्ट्रीटवर दाखवलंत की जाणकार वाचक तिथेच अंक मिटतो. २२१ बी च्या खोलीपर्यंत १७ पायऱ्या आहेत, जिना काढताना मोजून काढा. पर्शियन सपातीत तंबाखू, चाकूने शेगडीच्या फळीवर खोचलेली पत्रं, भिंतीवर गोळ्यांनी उमटवलेलं 'व्ही. आर.' (राणी व्हिक्टोरियाची आद्याक्षरं), हे तिन्ही एका रुंद चौकटीत बसतं. कान झाकणारी टोपी खेड्यापाड्यांच्या प्रवासातली. शहरात त्याला उंच हॅट द्या.

होम्सच्या जगात भूत म्हणून जे दिसतं त्याचा खुलासा शेवटी जमिनीवरचाच निघतो. बास्करव्हिलचा चमकणारा कुत्रा फॉस्फरसचा होता. मग वीज कोण बघतो? होम्सचा सोबती आणि कथांचा निवेदक वॉटसन. होम्सला फक्त मागची खूण मिळते : जळालेले फरसबंदीचे दगड आणि हवेतला उग्र वास. त्याने जादू मान्यही करायची नाही आणि नाकारायचीही नाही. पुराव्यात जेवढं बसतं तेवढंच बोलायचं. त्याला भाबडेपणाने विश्वास ठेवायला लावलंत तर यजमान मेला. डोळ्यांदेखत घडलेलं हट्टाने नाकारायला लावलंत तरी मेला.

बिलीचा प्रवेश सोपा आहे. तो पेपर विकणारा पोर, आणि होम्सकडे रोज एका शिलिंगवर काम करणारी रस्त्यावरच्या पोरांची फौज आहेच. पण नावांचा गुंता आधी सोडवा. बेकर स्ट्रीटवरच्या हरकाम्या पोऱ्याचं नावही बिली आहे, आणि 'बॅटसन' व 'वॉटसन' हे संवादाच्या फुग्यातल्या बारीक अक्षरांत सारखेच दिसतात. पाहुण्याला सतत 'बिली' म्हणा, पोऱ्याला बिननावाचा ठेवा, आडनाव एकदाच येऊ द्या. 'शझाम' हेच नायकाचं नाव धरलंत तर त्याला स्वतःचं नाव सांगता येत नाही, उच्चारलं की वीज! म्हणून १८९५ च्या लंडनमध्ये त्याची ओळख 'कॅप्टन' एवढीच ठेवा.

मराठीत लिहिताना एक फायदा हातात आहे, तो सोडू नका. वॉटसन बिलीला 'तू' म्हणेल आणि त्याच माणसाला मोठ्या रूपात 'आपण' म्हणेल. होम्सने मात्र कॅप्टनलाही पहिल्या भेटीत 'तू'च म्हणायचं : 'बस. बोटांची शाई अजून वाळली नाही तुझ्या.' दोघे एकच आहेत हे त्याने ओळखलंय, हे वाचकाला वेगळं सांगावं लागत नाही. बिली दोन्ही रूपांत होम्सला 'तुम्ही' म्हणतो, कारण आत तो मुलगाच आहे.

वीस पानं

मराठी पान डावीकडून उजवीकडे वाचतात, म्हणून पान उलटल्यावर समोर येतं ते डावं, सम क्रमांकाचं. धक्के तिथेच ठेवा. पहिलं पान वॉटसनचं निवेदन. २-३ वर प्रवास, ४-५ वर रस्ता, पोरं आणि परतीची अट. पाचव्याच्या शेवटच्या चौकटीत बिलीचं उघडं तोंड. सहावं पान पूर्ण वीज. सातव्यावर छप्पर आणि फसलेली झेप. तिथेच त्याला परत मुलगा करायचा मोह होईल, तो टाळा. नाहीतर बेकर स्ट्रीटवरचा कॅप्टन विजेशिवाय कसा येणार? मुलगा होण्याचा दुसरा मंत्र अकराव्या पानापर्यंत लांबवा, ८ ते ११ बेकर स्ट्रीटला द्या आणि सातव्यावर फक्त पडणं ठेवा. १२-१३ तपास, चौदाव्यावर बोळा. १५ ते १७ पूर्णपणे होम्सचे : चिखल, वास, गाडीवाल्याची साक्ष. सतरावा संपताना होम्स बोळा काढतो. अठराव्यावर तिसरा मंत्र आणि सिव्हानाचं यंत्र खाक. एकोणिसाव्यावर चौथा मंत्र, दार आणि निरोप. विसाव्या पानावर वॉटसन हे कागद चेरिंग क्रॉसच्या कॉक्स अँड कंपनी बँकेतल्या पत्र्याच्या पेटीत टाकतो, जिथे त्याच्या न छापलेल्या प्रकरणांचे कागद असतात.

आराखडा झाला की एक चाचणी घ्या. बिलीला वगळून कथा उभी राहते का? होम्सला वगळून? कुठल्याही एकाशिवाय उभी राहत असेल तर १५ ते १८ ही पानं पुन्हा लिहा. दोष जवळजवळ नेहमी तिथेच असतो.

चित्र आणि अक्षर

बेकची रेघ स्वच्छ, सावल्या जवळजवळ नाहीत. स्ट्रँड मासिकातली सिडनी पॅजेटची होम्सची चित्रं करड्या छटांची. बिलीला साध्या बाह्यरेषेत काढा, लंडनला आडव्या-तिरप्या रेघांची छटा द्या. लाल रंग फक्त त्याच्या पोशाखाला ठेवा. गाडी, पडदा, टपालपेटी कशालाही लाल नको. वीज पडली त्या चौकटीत सगळ्या सावल्या विजेच्या उलट दिशेला फिरवा. हे राहून गेलं की वीज वरून चिकटवल्यासारखी दिसते.

मूळ चित्र ए-३ वर काढा. रेघांचं स्कॅनिंग ६०० डीपीआय, रंगीत पान ३००, चारी बाजूंना ३ मिमी ब्लीड (छापून झाल्यावर कापली जाणारी जादा कड). मधोमध पिना मारायच्या असतील तर पानसंख्या चारच्या पटीत लागते. आतली २० आणि मुखपृष्ठाची ४ मिळून २४, हिशेब जुळतो.

एका फुग्यात वीसपेक्षा जास्त शब्द नकोत. वेलांट्या, उकार आणि रफार यांना वर-खाली जागा लागते, म्हणून ओळींमधलं अंतर इंग्रजीपेक्षा सैल ठेवा. फोटोशॉप किंवा इलस्ट्रेटरमध्ये ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या उजवीकडे गेली किंवा जोडाक्षरं पाय मोडून सुटी दिसली, तर दोष फॉन्टचा नसतो. भारतीय लिप्यांची अक्षरं नीट जुळवणारा 'वर्ल्ड-रेडी' कंपोझर निवडायचा राहिलेला असतो. मुंबईच्या एक टाइपचे 'मुक्ता' आणि 'बालू' हे फॉन्ट मोफत आहेत. संवादाला मुक्ता, आवाजांना ठळक बालू चालतो.

मंत्राचा शब्द मात्र हाताने काढा. श या अक्षराचं मराठी वळण हिंदीपेक्षा वेगळं आहे आणि बरेच फॉन्ट हिंदी वळणच देतात. काटेरी कडांचा फुगा त्या चार उच्चारांपुरताच राखून ठेवा. दुसऱ्या कुणी रागाने ओरडलं तरी त्याला साधा फुगा. 'कडाड्ड!' फुग्याबाहेर, विजेच्या मागे, नायकाचा चेहरा झाकला जाणार नाही असं बसवा. छपाईला देण्याआधी सहावं पान खऱ्या आकारात कागदावर काढून हातभर अंतरावरून बघा. मंत्र आधी आणि चेहरा नंतर वाचला गेला पाहिजे. उलटं होत असेल तर फुगा वर आणि डावीकडे सरकवा.