फर्स्ट डान्स टिपताना: नवरा-नवरी फिरतात, तुम्ही थांबा

फर्स्ट डान्सला, म्हणजे रिसेप्शनमधल्या नवरा-नवरीच्या पहिल्या नाचाला, तुम्हाला किती वेळ मिळणार हे गाण्यावर नसतं, एमसीवर, म्हणजे माइकवरून कार्यक्रम चालवणाऱ्यावर असतं. मी वसईत ख्रिस्ती लग्नांचे फोटो काढते. इथं गाणं साडेतीन मिनिटांचं असलं तरी मिनिटभरात एमसी माइकवरून बेस्ट मॅन आणि ब्राइड्समेडना फ्लोअरवर बोलावतो, पाठोपाठ आईवडील येतात आणि मग अख्खं मैदान. नवरा-नवरी दोघंच असतात ते तेवढंच मिनिट. म्हणून केक कापायच्या आधीच एमसीला गाठून सरळ विचारा, "दोघांना एकटं किती वेळ ठेवणार?" गोडीत विचारलंत तर अर्धं मिनिट वाढवूनही देतो.

बँडवाल्यांनाही एक प्रश्न विचारायचा: वॉल्ट्झ आहे की नुसतं स्लो गाणं? वॉल्ट्झ असेल तर काम सोपं होतं. त्याची चाल तीन ठोक्यांची, मिनिटाला साधारण 84 ते 90 ठोके, म्हणजे एक-दोन-तीनचा फेरा दोन सेकंदांचा. 'एक'वर मोठं पाऊल पडतं, अंग पुढे जातं, डोकी हलतात. 'तीन'वर पाय जुळतात आणि अंग टाचांवरून वर उचललेलं असतं. बटण तिथं दाबा. मनात मोजायची सवय लागली की बर्स्ट, म्हणजे एकामागून एक धडाधड फोटो, मारत सुटावं लागत नाही. नुसतं झुलायचं गाणं असेल तर मोजण्यासारखं काही नसतं. तिथं चेहऱ्यांकडेच बघत राहायचं.

आता उभं कुठं राहायचं? नवीन मुलं जोडप्याभोवती गोल गोल पळतात. जोडपं एका दिशेला फिरतंय, फोटोग्राफर दुसऱ्या, आणि प्रत्येक फ्रेममागे वेगळाच पसारा: कधी जनरेटरची वायर, कधी कॅटररचे क्रेट. त्यापेक्षा आधी मागचं दृश्य निवडा. दिव्यांच्या माळा, बँड, पहिल्या रांगेत बसलेल्या लाल लुगड्यातल्या आजी, जे चांगलं दिसेल ते. त्याच्या समोर जाऊन उभे राहा आणि जागा सोडू नका. सराव नसलेलं जोडपंही दहा-पंधरा सेकंदांत एक गिरकी पूर्ण करतं. नवरीचा चेहरा तुमच्याकडे येतो, जातो, मग नवऱ्याचा येतो. मिनिटभरात दोघंही चार-पाच वेळा समोरून जातात. त्यांना येऊ द्या.

त्यातली एक फ्रेम मी कधीच सोडत नाही. नाचाच्या पकडीत नवरीचा डावा हात नवऱ्याच्या उजव्या खांद्यावर असतो, आणि आत्ताच घातलेली अंगठी त्याच हातात. नवऱ्याची पाठ तुमच्याकडे वळली की त्याच्या उजव्या खांद्यावर फोकस तयार ठेवा: काळ्या कोटावर तिची बोटं, अंगठी, त्यावर तिचे डोळे. हा फोटो लग्नातल्या कुठल्याच विधीत मिळत नाही. गिरकीचा उलटा भाग, म्हणजे दोघांचे जोडलेले हात तुमच्याकडे आलेले असतात तो, सोडून द्या. मुठी आणि कोपरं बरोबर चेहऱ्यांच्या आड येतात.

नवरीच्या करवलीला एक काम सांगून ठेवा. गाऊनची मागची ट्रेन, म्हणजे मागे लोळणारा घोळ, नाचाआधी उचलून आतल्या बटणाला किंवा लूपला अडकवायची असते. ऐन गडबडीत ते विसरलं की नवऱ्याचा बूट ट्रेनवर पडतो आणि दोघंही खाली बघत नाचतात.

उजेडाचं बोलू. आपल्याकडची बरीच रिसेप्शन्स उघड्या मैदानात. वर छत नाही, त्यामुळे कॅमेऱ्यावरचा फ्लॅश वर वळवून काहीही होत नाही, उजेड आकाशात जातो. दोन फ्लॅश स्टँडवर घ्या, आठ-दहा फूट उंच, फ्लोअरच्या समोरासमोरच्या कोपऱ्यांवर. एक तुमच्या बाजूचा, तिरका. दुसरा त्यांच्या पाठीमागून. तो मागचा फ्लॅश चैन म्हणून लावायचा नाही. रात्रीच्या मैदानात काळा सूट अंधारात विरघळतो, आणि खांद्याच्या कडेला उजेडाची रेघ आली नाही तर नवऱ्याचं नुसतं डोकं आणि शर्टाची कॉलर उरते. गाऊनचं नेमकं उलटं. पांढरं कापड फोटोत जळतं, म्हणजे नुसता पांढरा डाग दिसतो, म्हणून पुढचा फ्लॅश थोडा कमीच ठेवा आणि गाऊनवरच्या लेसची नक्षी दिसतेय का ते स्क्रीनवर मोठं करून बघा.

आकडे हवेत म्हणून माझे सांगते: 35 एमएम लेन्स, अ‍ॅपर्चर एफ 3.5 किंवा 4, आयएसओ 1600, शटर 1/100, दोन्ही फ्लॅश मॅन्युअलवर 1/32 ताकदीला. फ्लोअर मोठा असेल तर 1/16. टीटीएल, म्हणजे फ्लॅशची ताकद आपोआप ठरवणारा मोड, इथं नको. काळा कोट समोर आला की तो फ्लॅश वाढवतो, पांढरा गाऊन आला की कमी करतो, आणि दोघं तर सतत अदलाबदल करत असतात. शटर 1/100 अशासाठी की आपली वीज 50 हर्ट्झची. तिच्यावर चालणारे साधे दिवे सेकंदाला 100 वेळा लुकलुकतात, आणि या स्पीडला त्यामुळे फोटोत येणारे पट्टे टळतात. एलईडी वॉलला मात्र ही हमी नाही. तिचे पट्टे आधीच दोन-तीन स्पीडवर तपासा, आणि सायलेंट शटर बंद ठेवा. डीजेचे निळे-जांभळे पार दिवे (स्टेजचे रंगीत फोकस) थेट चेहऱ्यावर मारलेले असतील तर ते मागच्या बाजूला वळवायला सांगा. तो रंग एडिटिंगमध्ये पूर्ण निघत नाही.

आजकाल नाचताना पायांशी धुराचे ढग लागतातच. ड्राय आइसचा धूर जड, जमिनीलगत पसरतो, फोटोत सुंदर दिसतो. पण समुद्राकडून वारा सुटला की उघड्या मैदानात तो फार टिकत नाही, म्हणून पहिले वीस सेकंद खाली बसून वाइड घ्या, मग उठा. बंद हॉलमध्ये मात्र त्या धुरात आडवं पडून फोटो काढू नका. त्यात कार्बन डायऑक्साइड असतो, हवेपेक्षा जड, आणि साचतो तो नेमका जमिनीलगत. कोल्ड पायरोच्या, म्हणजे ठिणग्या उडवणाऱ्या, कारंज्यांसाठी बटण कोण दाबणार आणि कधी, ते विचारून ठेवा. ठिणग्या स्वतःच इतक्या उजळ असतात की आयएसओ अर्धा करावा लागतो.

व्हिडिओवाल्याशी आधीच बोला. गिंबल (कॅमेरा हलू न देणारा दांडा) घेऊन तो गोल फिरणारच, त्याचं कामच ते. पहिला अर्धा भाग त्यानं एकाच बाजूला राहायचं आणि दुसऱ्या अर्ध्यात मोकळं फिरायचं, असं ठरवलं की दोघांचंही भागतं.

सुरक्षित फोटो हातात आले की एक-दोन खेळकर घ्या. शटर 1/8, रिअर सिंक (फ्लॅश शटर बंद होताना उडतो), आणि जोडप्याच्या गिरकीबरोबर कॅमेराही हलकेच फिरवा. दिव्यांच्या माळांचे ओघळ येतात, चेहरे फ्लॅशमुळे थांबतात. दहातला एखादाच चांगला येतो, म्हणून हे आधी करू नका.

पुण्या-ठाण्याच्या हिंदू लग्नांत संगीतच्या रात्री आता कपल डान्स असतो, तो बसवलेला. तिथं कोरिओग्राफरकडून सरावाचा मोबाइल व्हिडिओ मागून घ्या. उचलून घेणं, वाकवणं कुठल्या ओळीवर आहे ते आधीच कळतं.

आईवडील फ्लोअरवर आले की लेन्स बदला, 85 एमएम लावा आणि नवरा-नवरीला सोडून कडेला बघा. नवरीचे बाबा नाचत नसले तरी टेबलाशी उभे असतात, त्यांना घ्या. आणि बँडनं मसाला, म्हणजे सगळ्यांना नाचवणारी जलद गाणी, सुरू करण्याआधी दोन्ही स्टँड उचला. पोरं फ्लोअरवर धावत येतात, आणि दहा फुटांवरचा फ्लॅश कुणाच्या तरी डोक्यात पडायला एक धक्का पुरतो.