इमारतीआधी वेळापत्रक: विद्यापीठ आणि वस्तीच्या सामाईक केंद्रासाठी पैसा उभा करताना

कमी उत्पन्नाच्या वस्तीत एकच इमारत, दिवसा तिथे विद्यापीठाचे वर्ग आणि संध्याकाळी वस्तीची अभ्यासिका, आरोग्य तपासणी, कायदेविषयक सल्ला, बायकांच्या गटांच्या बैठका. अशा केंद्रांसाठी निधी उभा करण्याचं काम मी बरीच वर्षं करते आहे. समाजकार्य, वित्त किंवा वास्तुशास्त्र शिकून या क्षेत्रात येणारी मुलं-मुली पहिल्याच भेटीत विचारतात, पैसा कुठून आणायचा? त्यांना मी आधी दुसऱ्या एका प्रश्नाकडे वळवते: संध्याकाळी सहा वाजता मोठा हॉल कोणाचा? याचं उत्तर कागदावर आलं नसेल, तर पैशाच्या मागे धावण्यात अर्थ नाही.

याचं कारण कर्जाच्या गणितात आहे. बँक किंवा वित्तसंस्था इमारतीच्या देखणेपणावर कर्ज देत नाही, दरमहा येणारा पैसा बघून देते. व्याजासह वर्षाचा हप्ता 100 असेल, तर चालवण्याचा सगळा खर्च वजा जाता हातात 120 ते 125 तरी उरायला हवेत, असा आग्रह बहुतेक ठिकाणी असतो. आता हे 125 आणायचे कुठून? अभ्यासिकेच्या नाममात्र वर्गणीतून ते येणार नाहीत. ते येतात विद्यापीठाच्या भाड्यातून. म्हणजे पंधरा-वीस वर्षांचा विद्यापीठाचा भाडेपट्टा हाच कर्जाचा खरा आधार. आणि जो भाडं भरतो तो खोल्यांवर हक्क सांगतो. परीक्षा आली, प्रवेश वाढले, की वस्तीचे तास सगळ्यात आधी कापले जातात. यात कोणाचा दुष्टावा असतो असं नाही, करारात ते तास कुठे लिहिलेलेच नसतात.

म्हणून मी नवख्यांना आराखड्याच्याही आधी वेळापत्रक करायला बसवते. मोठा कागद घ्यायचा, आडवे आठवड्याचे तास, उभ्या खोल्या. विद्यापीठाचे तास एका रंगात, वस्तीचे दुसऱ्या, रिकामे पांढरे. समजा, हॉल आठवड्याला 80 तास उघडा आहे. 48 तास विद्यापीठाचे, 24 वस्तीचे, 8 रिकामे. वीज, सफाई, सुरक्षारक्षक, विमा हा खर्च वापराच्या प्रमाणात वाटला तर वस्तीवर 72 पैकी 24, म्हणजे एक तृतीयांश भार येतो. रिकामे तास विद्यापीठाने आपल्या अंगावर घेतले तर 80 पैकी 24, म्हणजे 30 टक्के. फरक तीन टक्क्यांचा दिसतो, पण तो दरवर्षी, इमारत उभी असेपर्यंत भरावा लागतो, आणि तुटपुंज्या अंदाजपत्रकाच्या संस्थेत तेवढ्यात एका अर्धवेळ ग्रंथपालाचा पगार निघू शकतो. त्या पांढऱ्या चौकोनांवर भांडा. बैठकीत सगळे रंगीत चौकोनांकडेच बघत असतात.

हे झालं की मग पैशाचा तक्ता. एका बाजूला कुठून येणार, दुसऱ्या बाजूला कशावर खर्च होणार, आणि दोन्ही बेरजा तंतोतंत जुळल्या पाहिजेत. नवे लोक बांधकामाचा खर्च नीट धरतात, पण वकील, मोजणी, परवाने, बांधकामाच्या काळातलं व्याज आणि अडीअडचणीची राखीव रक्कम विसरतात. शिवाय प्रत्येक पैशाला स्वतःची तारीख असते. देणगीदार पाच वर्षांत देईन म्हणतो, सरकारी अनुदान अनेकदा आधी खर्च करा, मग बिलं दाखवा अशा अटीवर येतं, आणि कंत्राटदाराला मात्र दर महिन्याला पैसे लागतात. ही फट ब्रिज लोनने, म्हणजे मधल्या काळापुरत्या कर्जाने भरतात. त्याचं व्याजही तक्त्यात दिसलं पाहिजे.

प्रत्येक देशात या कामासाठी काही खास वाटा आहेत, त्या मुळातून वाचा. अमेरिकेत 2000 साली न्यू मार्केट्स टॅक्स क्रेडिट आलं. गरीब भागातल्या प्रकल्पात पैसा घालणाऱ्याला सात वर्षांत मिळून गुंतवलेल्या रकमेच्या 39 टक्के करसवलत मिळते: पहिली तीन वर्षं पाच-पाच टक्के, पुढची चार वर्षं सहा-सहा. भाग निवडताना जनगणनेच्या विभागातलं दारिद्र्याचं प्रमाण किमान 20 टक्के किंवा कुटुंबांचं मध्यम उत्पन्न आसपासच्या प्रदेशाच्या 80 टक्क्यांहून जास्त नाही, हे बघतात. 39 हा आकडा ऐकून हुरळून जाऊ नका. गुंतवणूकदार सवलतीची पूर्ण किंमत मोजत नाही, मध्यस्थ आणि वकिलांची फी जाते, आणि ढोबळमानाने खर्चाच्या पाचव्या हिश्श्याएवढाच पैसा प्रकल्पाच्या पदरात पडतो. कागदपत्रांचा खर्च इतका की लहान केंद्राला हे परवडतच नाही.

भारतात 2013 च्या कंपनी कायद्याच्या कलम 135 खाली मोठ्या कंपन्यांना गेल्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या दोन टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्चावी लागते. जानेवारी 2021 च्या नियमांनंतर त्या पैशातून उभी राहिलेली मालमत्ता कंपनीला स्वतःच्या नावावर ठेवता येत नाही. ती नोंदणीकृत विश्वस्त संस्था, सोसायटी, कलम आठ खालची (नफा न वाटणारी) कंपनी, लाभार्थींचा गट किंवा सार्वजनिक प्राधिकरण यांच्याकडे असावी लागते. म्हणजे मालक कोण, हे देणगी मागण्याआधी ठरलेलं हवं. आणि चालू प्रकल्पाची मुदत सुरुवातीचं आर्थिक वर्ष सोडून जास्तीत जास्त तीन वर्षांची. या पैशातून भिंती उभ्या राहतील. वीस वर्षांचं वीजबिल त्यावर टाकता येणार नाही.

सामाईक इमारतीची मोठी उदाहरणंही आहेत. अमेरिकेत सॅन होजेमध्ये शहर आणि राज्य विद्यापीठ यांचं एकत्र ग्रंथालय 2003 मध्ये उघडलं, इंग्लंडमध्ये वूस्टरला विद्यापीठ आणि काउंटी कौन्सिलचं ‘द हाइव्ह’ 2012 मध्ये. दोन्हींचा अभ्यास जरूर करा, पण एक लक्षात ठेवून: तिथे दोन्ही भागीदारांकडे स्वतःचं हक्काचं उत्पन्न आहे, एकाकडे कर, दुसऱ्याकडे शुल्क. वस्तीतल्या संस्थेकडे तसं काही नसतं, म्हणून तिची बाजू कराराने भक्कम करावी लागते.

त्यासाठी एक कलम मी कधीच सोडत नाही. वस्तीच्या संस्थेचा वेगळा भाडेपट्टा करायचा, त्याला ते रंगीत वेळापत्रक जोडायचं, आणि कर्ज देणाऱ्याची त्यावर सही घ्यायची की उद्या हप्ते थकले आणि इमारतीचा ताबा त्यांच्याकडे गेला, तरी हा भाडेपट्टा मोडणार नाही. वकील याला नॉन-डिस्टर्बन्स म्हणतात. बँका सुरुवातीला कां-कूं करतात, पण भाडं वेळेवर येणार असेल तर त्यांचं नुकसान काहीच नसतं, आणि कर्जमंजुरीच्या आधी मागितलं तर बहुधा मिळतं. मंजुरीनंतर कोणी दारात उभं करत नाही.

या कामात यायचं असेल तर सुरुवात एखाद्या सामाजिक संस्थेच्या हिशेब विभागात करा. अनुदानाचे अहवाल लिहा, लेखापरीक्षकाच्या शेऱ्यांना उत्तरं द्या. एक्सेलमध्ये पंधरा वर्षांचा रोख प्रवाह स्वतः मांडायला शिका. तयार साचा घेतलात तर कुठला आकडा कशावर उभा आहे ते कळत नाही. भाडेपट्टे वाचायची सवय लावा, कंटाळवाणी परिशिष्टंसुद्धा. आणि वस्तीतल्या बैठकांना जा, मांडायला काही नसेल तेव्हाही. हॉल रात्री दहापर्यंत उघडा हवा, कारण घरकाम करणाऱ्या बायका आठच्या आधी मोकळ्याच होत नाहीत, ही गोष्ट तुम्हाला कुठल्याही सर्वेक्षणाच्या तक्त्यात सापडणार नाही. ती कळली की शेवटचे दोन तास कोणत्या रंगात भरायचे ते कळतं, आणि त्या दोन तासांच्या सुरक्षारक्षकाचा पगार पहिल्याच अंदाजपत्रकात जातो.

दुरुस्तीसाठीचा राखीव निधीही पहिल्या वर्षापासून बाजूला टाका. छत, लिफ्ट, पाण्याचे पंप यांचं आयुष्य आणि ते बदलण्याचा खर्च अभियंत्याकडून लिहून घ्या, त्या खर्चाला आयुष्याच्या वर्षांनी भागा, आणि ती रक्कम भाड्याच्या आकारणीतच धरा. कारण उद्घाटनाच्या फलकासाठी देणगीदार मिळतात, दहाव्या वर्षी गळणाऱ्या छतासाठी ते शोधत फिरावं लागतं.